वादळाची वर्दी देणारा रेडिओ कसा निवडावा?

वैशाख-ज्येष्ठातली काशीची संध्याकाळ. दशाश्वमेध घाटासमोर नावेत बसलेली मंडळी गंगेची आरती पाहण्यात दंग असतात. शहर नदीच्या पश्चिम काठावर आहे आणि या दिवसांतली वादळे बहुधा पश्चिमेकडूनच येतात. पण घाटावरच्या उंच वाड्यांमागचे आभाळ कधी मातकट झाले, हे नावेतून कळत नाही. एकाएकी धुळीचे लोट उठतात, दिवे जातात, नावा हेलकावू लागतात. इकडचे लोक याला ‘आंधी’ म्हणतात.

ब्रह्माघाट, दुर्गाघाट या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. महाराष्ट्रातून काशीयात्रेला जाणाऱ्यांचीही वर्दळ असते. त्यांच्या सामानात एक छोटा रेडिओ असावा. मात्र तो निवडताना थोडी माहिती हवी.

परदेशी संचाचा मोह

अमेरिकेत वादळाच्या मागे मोटारीने हिंडणारी हौशी मंडळी आहेत. त्यांच्याजवळ ‘वेदर रेडिओ’ असतो. तिथे हवामानाच्या बातम्यांसाठी १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात सात वाहिन्या राखून ठेवल्या आहेत. धोक्याची सूचना येताच संच आपोआप शिटी वाजवतो. तिकडून येणारा भाचा किंवा पुतण्या कौतुकाने असा संच आणतो. पण आपल्याकडे तशी स्वतंत्र प्रक्षेपण सेवा नाही. त्यामुळे ती शिटी इथे वाजतच नाही. केवळ त्या सोयीसाठी जास्त पैसे मोजणे व्यर्थ आहे.

खरेदी करताना

संचावर एफएम आणि मीडियम वेव्ह असे दोन्ही पट्टे हवेत. आकाशवाणीची अनेक ठिकाणची मीडियम वेव्ह प्रक्षेपणे गेल्या काही वर्षांत बंद झाली आहेत. म्हणून आपल्या गावी कोणते केंद्र कुठे लागते, ते आधी पाहून घ्यावे.

तरीही मीडियम वेव्हचा एक वेगळा उपयोग आहे. वीज चमकली की या पट्ट्यावर ‘खर्रर्र’ असा आवाज येतो. १८९५ साली रशियन शास्त्रज्ञ पोपोव्ह यांनी विजेची चाहूल टिपणारे उपकरण बनवले होते, ते विजेतून निघणाऱ्या रेडिओलहरींच्याच आधारावर. कोणतेही केंद्र नसलेल्या जागी काटा ठेवावा. खरखर वारंवार आणि मोठ्याने येऊ लागली, तर सावध व्हावे. एफएमवर हा आवाज जवळजवळ येत नाही. मात्र ट्यूबलाइट, चार्जर, पंखा यांच्यामुळेही खरखर होते आणि रात्री फार लांबच्या विजाही ऐकू येतात. म्हणून खरखरीवरून वादळ किती दूर आहे, याचा अंदाज बांधू नये.

संच बाजारात सहज मिळणाऱ्या पेन्सिल सेलवर चालणारा असावा. हाताने फिरवायचा दांडा असल्यास उत्तम. सेल संपले तरी काम भागते. सौर पट्टी मात्र लहान असते, तिच्यावर विसंबू नये. आवाज नावेतही ऐकू येईल इतका खणखणीत हवा. वापर नसताना सेल काढून ठेवावेत, नाहीतर ते पाझरून संच खराब होतो.

मोबाइल असताना रेडिओ कशाला?

पहिली सूचना आज मोबाइलवरच मिळते, हे खरे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ अॅप आसपासच्या २० ते ४० किलोमीटर परिसरातील विजांचा इशारा देते. हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा जिल्हावार अंदाजही मिळतो. ही सोय अवश्य वापरावी. पण वादळात वीज जाते, टॉवर बंद पडतात, मोबाइलची बॅटरी उतरते. पुराच्या दिवसांत तर हे हमखास घडते. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. १९७८ साली पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. अशा वेळी दोन सेलवर कित्येक दिवस चालणारा रेडिओच बाहेरच्या जगाशी नाते टिकवतो.

ऐकल्यावर काय करावे?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात वीज पडून २,८८७ जणांचा मृत्यू झाला. उघड्या नदीवरची नाव ही वादळातली सर्वात वाईट जागा. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत; तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. खरे तर गडगडाट ऐकू येताच नावाड्याला नाव काठाला लावायला सांगावे आणि पक्क्या इमारतीत जावे. झाडाखाली किंवा घाटावरच्या छत्रीखाली उभे राहू नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.

‘एवढे पैसे दिलेत, आरती पुरी पाहूनच जाऊ,’ असे नावेतले कुणीतरी म्हणतेच. अशा वेळी घरातल्या वडीलधाऱ्यांनीच ठामपणे ‘चला’ म्हणावे. आरती उद्याही होणार आहे. रेडिओ कितीही चांगला घेतला, तरी त्याचे ऐकून वेळेवर उठणे आपल्याच हाती असते.