आनंदीबाईंना बोलू द्या

शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. न्यायाधीश रामशास्त्र्यांनी त्यांचे काका राघोबादादांना दोषी ठरवले. लोकांनी मात्र खापर फोडले ते राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाईंच्या माथी. पत्रातल्या 'धरावे'चे 'मारावे' करून 'ध'चा 'मा' त्यांनीच केला, ही आख्यायिका घरोघरी पोहोचली. इतिहासकारांचे त्यावर एकमत नाही.

कादंबरीला लागणारे खरे रहस्य इथेच आहे.

ना. सं. इनामदारांच्या 'राऊ' कादंबरीने पहिल्या बाजीरावाच्या मस्तानीला कुजबुजीतून बाहेर काढले, तिला माणूस केले. आनंदीबाई मात्र बहुधा कारस्थानी बाईच राहिल्या. नवरा वणवण फिरत असताना, १७७५ मध्ये, त्यांनी धारच्या किल्ल्यात दुसऱ्या बाजीरावाला जन्म दिला. काय धास्ती असेल ती! मराठी कादंबरीकारांनी निकाल आधीच लावून लिहायला बसू नये. कागदपत्रे तपासावीत, आणि मग आनंदीबाईंना बोलू द्यावे.