आडनाव एक, आजार वेगळे

कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला आठ-दहा दिवस ताप येतो. घसा सुजतो, मानेत गाठी येतात, अंगात त्राण राहत नाही. डॉक्टर रक्त तपासून सांगतात, "हा ग्रंथिज्वर, म्हणजे मोनोन्यूक्लिओसिस. याचा विषाणू हर्पिस घराण्यातला." हा शब्द कानी पडला की घरात कुजबुज सुरू होते. हर्पिस म्हणजे वाईट चालीचा रोग, असे कोणी तरी बोलून जाते आणि ठरत आलेली सोयरीकही अडते. वाचकहो, या कुजबुजीत तथ्य नाही. कसे ते पाहा.

गावात एका आडनावाची चार घरे असतात, पण प्रत्येकाचा सातबारा वेगळा असतो. विषाणूंचेही तसेच आहे. माणसाला बाधणारे या घराण्याचे नऊ विषाणू आहेत. लहानपणी येणाऱ्या कांजिण्या याच घराण्यातल्या. त्याच कांजिण्यांचा विषाणू अंगात दडून राहतो आणि पुढे कधी नागीण होऊन निघतो. तापानंतर ओठाच्या कडेला पाण्याचे बारीक फोड येतात, ते साध्या हर्पिसचे. त्याचाच सख्खा भाऊ मुख्यतः जननेंद्रियांवर फोड आणतो व शरीरसंबंधातून पसरतो. मात्र ओठावरचा विषाणूही तिथे जाऊ शकतो.

ग्रंथिज्वर बहुतेक वेळा एपस्टाइन-बार विषाणूने होतो. १९६४ साली लंडनमध्ये एपस्टाइन, अचाँग व बार या संशोधकांना तो आफ्रिकेतील मुलांच्या गाठींत सापडला. ग्रंथिज्वर त्यानेच होतो हे १९६८ मध्ये अमेरिकेत हेन्ले दांपत्याने दाखवून दिले. तो लाळेतून पसरतो. उष्टा पेला, उष्टा घास एवढे निमित्त पुरते. आपल्याकडे बहुतेकांना तो लहानपणीच होऊन जातो आणि साध्या सर्दीतापासारखा वाटतो. मोठेपणी झाला तर मात्र जोर दाखवतो. त्यावरून कोणाच्या चालचलणुकीचा हिशेब मांडणे हा शुद्ध अन्याय आहे. ग्रंथिज्वराचे पुढे ओठावरचे किंवा जननेंद्रियांवरचे हर्पिस होत नाही, आणि हर्पिसचा ग्रंथिज्वर होत नाही.

या भाऊबंदांत साम्य एवढेच, की एकदा अंगात शिरले की ते जन्मभर मुक्काम करतात. ओठावरचा हर्पिस मज्जातंतूंच्या मुळाशी झोपतो आणि ताप, कडक ऊन किंवा दगदग झाली की पुन्हा उठतो. ग्रंथिज्वराचा विषाणू रक्तातल्या पांढऱ्या पेशींत दडतो. आजार मात्र सहसा पुन्हा उलटत नाही.

उपचारही वेगळे. ओठावरच्या फोडांना आणि नागिणीला असायक्लोव्हिरसारखी औषधे लवकर दिली तर गुण येतो. नागिणीचे तोंड व शेपूट जुळले की माणूस दगावतो, ही समजूत खोटी आहे. तिच्या नादी लागून पहिले तीन दिवस दवडू नका. ग्रंथिज्वराला अशा औषधांचा फारसा उपयोग होत नाही. विश्रांती, भरपूर पाणी, पातळ अन्न आणि तापासाठी डॉक्टरांनी सांगितलेले पॅरासिटामॉल एवढेच लागते. घसा दुखतो म्हणून दुकानातून अँपिसिलीन किंवा अमॉक्सिसिलीन आणून देऊ नका. या तापात ते घेतले तर पुष्कळदा अंगभर पुरळ उठते.

शेतकरी घराने सर्वांत जपायचे ते पाणथरीला. ग्रंथिज्वरात ती सुजते, आणि पोटाला मार लागला किंवा फार जोर पडला तर फुटू शकते. म्हणून पोराला बरे वाटू लागले तरी पोती उचलणे, कुस्ती, कबड्डी निदान तीन-चार आठवडे बंद. डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्यावरच कामाला लावावे. सुगी असली तरी घाई करू नये. डाव्या बरगडीखाली एकाएकी कळ आली, चक्कर आली, श्वास अडला किंवा पाणीही गिळेना, तर तडक मोठ्या दवाखान्यात न्यावे.

साध्या हर्पिसमध्ये जपायचे ते तान्ह्या बाळाला. ओठावर फोड असताना बाळाचा पापा घेऊ नये. बाळाला हात लावण्याआधी ते साबणाने धुवावेत. नवजात बाळाला हा विषाणू जिवावर बेतू शकतो. फोडाचा हात डोळ्याला लावू नये. डोळा लाल होऊन दुखू लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. गरोदर बाईला जननेंद्रियांवर कधी असे फोड आले असतील, तर तिने संकोच न करता बाळंतपणाआधी डॉक्टरांना किंवा नर्सबाईंना सांगावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही, आणि बाळाचे रक्षण त्यानेच होते.

तेव्हा चिठ्ठीवर हर्पिसचे नाव दिसले तर आधी डॉक्टरांना विचारा, "यातला नेमका कोणता?" उत्तर मिळेपर्यंत घरातल्या कोणाला दोष देऊ नका.