उकळले की झाले?

पेडण्यातल्या एका जाणत्या गृहस्थांनी गायींतल्या बर्ड फ्लूचा निकाल चार वाक्यांत लावून टाकला. रोग अमेरिकेचा. तिथे हजारो गायींचे कारखाने, आपल्या दारात दोन-तीन. आपली गाय काटक. आणि दूध आपण उकळून पितो. टाळ्या पडल्या.

अमेरिकेचाच, तर 2025 च्या मार्चमध्ये यॉर्कशायरच्या मेंढीच्या दुधात तो सापडला कसा? नागपुरात 2024 च्या अखेरीस तीन वाघ आणि एक बिबट्या याच बर्ड फ्लूच्या एच5एन1 विषाणूने मेले. ते काही टेक्सासहून आले नव्हते. काटकपणाचे म्हणाल, तर ते भक्तीचे विधान आहे, त्याला उत्तर नसते.

पण उकळण्याचा मुद्दा मला सोडवत नाही. उकळल्याने विषाणू मरतो, कबूल. उकळायला चूल पेटते, ती धार काढून झाल्यावर. आधी काय होते? हा विषाणू कासेत वाढतो. दूध आटते, चिकासारखे दाट, पिवळट येते. आपला माणूस काय म्हणेल? दगडी झाली, कास सुजली! सडात औषधाची ट्यूब सोडील आणि त्याच हातांनी शेजारची गाय पिळील. धार काढायचे मशीन नसले म्हणून काय झाले, हात आहेतच की. धारेचा शिंतोडा डोळ्यात उडतो. टेक्सासच्या एका गोठ्यातल्या कामगाराला 2024 मध्ये झाले ते एवढेच, डोळे लाल. नासके दूध मांजरासमोर ओततात. तिकडच्या गोठ्यांतली मांजरे कच्च्या दुधानेच पटापट मेली. दूध उकळून पिणाऱ्या शहाण्यांच्या हिशेबात दूध काढणारी बाई कुठे बसते, ते गृहस्थांनी सांगितले नाही.

आणि ‘आपल्याकडे आढळला नाही’ हे पालुपद. गायींत आढळलेला नाही, खरे आहे. पण अमेरिकेत 25 मार्च 2024 ला निदान झाले तेव्हा तो काही महिने गायींत फिरत होता, आणि प्रयोगशाळांची तिथे वाण नव्हती. गुरांची लंपी दूर गुजरातेत होती तेव्हाही हेच सूर ऐकले होते. मग 2022 मध्ये महाराष्ट्रात ती गावोगाव पोचली. तेव्हाचे वक्ते नंतर वासरांच्या अंगावरच्या गाठी मोजायला आले नाहीत.

मग करावे काय? फार काही नाही. बाहेरून आणलेली गाय काही दिवस वेगळी बांधावी. कोंबड्यांना गव्हाणीत शिरू देऊ नये. नासके दूध उकळूनच टाकावे. चूल इथे खरी उपयोगी. आणि एकदम दोन-तीन गायींना ‘दगडी’ झाली, तर ट्यूब सोडण्याआधी गुरांच्या डॉक्टरांकरवी दुधाचा नमुना तपासायला पाठवावा. खर्च? तो सरकारने उचलावा. टाळ्या त्यासाठी वाजवा.