अंगीठी, बुखारी आणि बंद खोली

महाराष्ट्रातून नोकरी-व्यवसायानिमित्त दिल्लीस येणाऱ्या कुटुंबाचा पहाडगंजशी लवकरच परिचय होतो. नवी दिल्ली रेल्वे स्थानक शेजारी. बृहन्महाराष्ट्र भवन आणि नूतन मराठी शाळाही याच भागात. दिल्लीचा उन्हाळा सर्वांना ऐकून ठाऊक असतो. हिवाळ्याची कल्पना मात्र अंगावर आल्याशिवाय येत नाही. १ जानेवारी २०२१ रोजी सफदरजंग वेधशाळेत किमान तापमान १.१ अंश सेल्सिअस इतके खाली गेले होते. उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून बांधलेल्या घरात अशा रात्री ऊब आणायची कशी, हा मग गृहिणीचा आणि घरखर्चाचा प्रश्न होतो.

मराठी माणसास शेकोटी परिचयाची असते, पण ती अंगणातली. शेगडीही परिचयाची, पण ती स्वयंपाकाची. दिल्लीतील अंगीठी या दोहोंच्या मधली: निखाऱ्यांनी भरलेली आणि थेट निजावयाच्या खोलीत आणलेली. तिच्या बाबतीत एक घातक समजूत रूढ आहे. कोळसा बाहेर पेटवावा, धूर निघून जाऊ द्यावा आणि निखारे लाल झाले की अंगीठी आत घ्यावी, म्हणजे भय नाही, असे मानले जाते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. धूर डोळ्यांना झोंबतो, खोकला आणतो, माणसास दार उघडावयास भाग पाडतो. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट जखडला जातो. डोके जड होणे, मळमळणे, गुंगी येणे ही त्याची लक्षणे. पण दिवसभराच्या श्रमाने झोपी गेलेल्यास ती जाणवणार कशी? खोलीत पाण्याची बादली ठेवण्याचा उपायही सांगितला जातो. हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीत एकाच रात्रीतील दोन घटनांत सहा जण अशा रीतीने दगावले; अलीपूर भागातील खेडा कलां येथे एकाच कुटुंबातील चौघे, त्यांत दोन लहान मुले, आणि इंद्रपुरीत दोघे.

याउलट हिमाचल, काश्मीर, लडाख येथील घरांत बुखारी असते. पत्र्याच्या बंद भांड्यात लाकूड वा कोळसा जळतो, हवा हवी तेवढीच आत सोडता येते आणि धूर नळीवाटे छपराबाहेर जातो. उघड्या चुलाणातील बहुतांश उष्णता धुराड्यातून वर निघून जाते. बुखारी तेवढ्याच इंधनात खोली अधिक ऊबदार ठेवते. उघडा विस्तव आणि बंद बुखारी यांतच निवड करावयाची असती, तर ती निःसंशय बुखारीची. नवी दिल्लीतील जुन्या सरकारी बंगल्यांतही शेकोटीची जागा बांधली गेली ती धुराड्यासह. पहाडगंजच्या गल्लीत, जेथे एका घराची खिडकी दुसऱ्या घराच्या भिंतीवर उघडते, तेथे ही नळी काढावी कोठे? तिचा धूर शेजाऱ्याच्याच खोलीत शिरणार. शिवाय राजधानीची हिवाळी हवा अशी की, तीत आणखी धूर सोडणे कोणासही शोभणारे नाही.

उरतो विजेचा हीटर, आणि त्याची धास्ती बिलाची. एक हजार वॉटचा हीटर तासाला एक युनिट वीज घेतो. रोज चार तास लावल्यास महिन्याला १२० युनिटे होतात. दोन हजार वॉटचा घेतल्यास २४०. दिल्लीत ऑगस्ट २०१९ मध्ये दरमहा २०० युनिटांपर्यंतचे बिल माफ करण्याची योजना सुरू झाली, तेव्हापासून या दोन आकड्यांतील अंतर घरखर्चात फार मोठे ठरले. लहान खोलीस लहान हीटर, निजण्यापूर्वी दोन-तीन तास, नंतर तो बंद करून जाड रजई, हा हिशेब सामान्य कुटुंबास पेलणारा आहे. मात्र त्यास पंधरा अँपिअरचा प्लग आणि त्या भाराची वायरिंग हवी. साध्या एक्स्टेन्शनवर तो लावणे म्हणजे एक आग टाळून दुसरी ओढवून घेणे होय.

येथेच भाडेकरूची खरी अडचण सुरू होते. प्लग बसवावयाचा तो घरमालकाने. पुष्कळदा सब-मीटरवर युनिटाचा दरही तोच ठरवतो आणि ‘हीटर लावू नये’ अशी अटही घालतो. सप्टेंबर २०१९ मध्ये भाडेकरूंसाठी स्वतंत्र प्रीपेड मीटरची योजना जाहीर झाली, ती याच कारणाने महत्त्वाची होती. हीटरला मनाई करणाऱ्या घरमालकास आपण वायरिंग सांभाळतो असे वाटत असेल. प्रत्यक्षात तो भाडेकरूच्या हाती अंगीठी देत असतो. प्रदूषण नियंत्रणाच्या नियमांनुसार वसाहतींनी रात्रपाळीच्या पहारेकऱ्यांस विजेचे हीटर पुरवावेत, म्हणजे ते उघड्यावर लाकूड-कचरा जाळणार नाहीत, असे निर्देश देण्यात आले. फाटकावरच्या माणसासाठी, तोही मोकळ्या हवेत बसलेला असताना, एवढा विचार झाला. भाडेकराराच्या कागदावर प्लग आणि युनिटाचा दर यांची एक ओळ घालून घेण्यास कोणत्याही नियमाची वाट पाहावी लागत नाही. आणि ती घालून घ्यावयाची ती दिवाळीपूर्वीच.