रक्तदाबाची गोळी आणि रोग्याचे गाऱ्हाणे

काही दिवसांपूर्वी आमच्या हाटकेशातील एका गृहनिर्माण संस्थेच्या सभागृहात रक्तदाब या विषयावर एका विद्वान वैद्यकव्यवसायी गृहस्थांचे व्याख्यान झाले. आमच्या या वसाहतीत पन्नाशी उलटलेली माणसे पुष्कळ, त्यामुळे मांडलेल्या खुर्च्या अपुऱ्या पडल्या. व्याख्यान चांगलेच झाले. मीठ कमी खावे, नित्य चालावे, गोळी चुकवू नये, या गोष्टी वक्त्यांनी सोप्या शब्दांत पटवून दिल्या. भाईंदरची मिठागरे ज्या शहराच्या अंगणात, त्या शहरात मीठ वर्ज्य करण्याचा उपदेश ऐकताना आम्हांस किंचित हसू आले, पण ते असो. शेवटी एक वृद्ध बाई उठल्या आणि त्यांनी विचारले की, गोळी सुरू झाल्यापासून माझे पाय सुजतात, तर काय करावे? वक्ते म्हणाले, “काकू, गोळीचे उपद्रव शोधत बसू नका. शोधले की सापडतात. म्हणून तर आम्ही ते रोग्याला सांगतच नाही.” सभेत हशा पिकला. बाई ओशाळून खाली बसल्या.

त्या हशात आम्हीही सामील झालो होतो, हे कबूल केले पाहिजे. परंतु घरी येऊन पायांतले मोजे काढले, तेव्हा घोट्याच्या वर मोज्याच्या काठाची खोल खूण उमटलेली दिसली, आणि आपण कोणाला हसलो याचा उलगडा झाला. ही खूण आम्ही सात-आठ महिने पाहत होतो. महाविद्यालयात सलग दोन तास उभे राहून शिकविले की सायंकाळी बूट घट्ट होत. वयाचा परिणाम, असे म्हणून आम्ही स्वस्थ होतो. आमच्या डॉक्टरांनी कधी विचारले नाही आणि आम्ही कधी सांगितले नाही.

आमच्या म्हणण्याचा कोणी विपर्यास करू नये म्हणून एक गोष्ट प्रथमच सांगून टाकतो. रक्तदाबाच्या औषधांचे आम्ही वैरी नव्हे. ही औषधे नव्हती तेव्हा काय होत असे, हे पाहावयाचे असेल तर अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचे उदाहरण घ्यावे. दिनांक 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते वारले, तेव्हा त्यांचा दाब 300 वर 190 इतका मोजला गेला होता. जगातील अत्यंत बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखासही त्या काळी उपयोगी पडेल असे औषध मिळू शकले नाही. आज तसले औषध हाटकेशातील कोणत्याही औषधाच्या दुकानात थोडक्या रुपयांत मिळते. ही सामान्य कृपा नव्हे. परंतु जी वस्तू जन्मभर रोज घ्यावयाची, तिच्याविषयी घेणाऱ्याने तोंड मिटून बसावे हा कोठला न्याय?

आमच्या सुजेचेच पाहा. आम्हांस दिलेली गोळी अॅम्लोडिपिनची. सन 2017 मध्ये भारतात रक्तदाब नियंत्रणाचा जो सरकारी उपक्रम सुरू झाला, आणि ज्यात आरंभीच महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा व वर्धा हे जिल्हे घेतले गेले, त्यातही पहिले पाऊल म्हणून बहुधा हीच गोळी. म्हणजे तिचा उपद्रव हा एकट्या प्राध्यापकाच्या घोट्याचा प्रश्न नव्हे. ही गोळी बारीक धमन्यांच्या भिंती सैल करते. शिरा मात्र त्या मानाने सैल पडत नाहीत. त्यामुळे केशवाहिन्यांतील दाब वाढून पाणी बाहेर झिरपते व घोट्याशी साचते. हे मनाचे खेळ नव्हेत, ही साधी नळाची विद्या आहे. गंमत अशी की, याच कारणामुळे लघवीची गोळी दिल्याने ही सूज फारशी उतरत नाही. मात्रा कमी केल्याने, किंवा टेल्मिसार्टनच्या जातीचे औषध जोडीस दिल्याने उतरते. उपाय आहे, तो डॉक्टरांस ठाऊकही आहे. फक्त तो सुचण्यासाठी रोग्याचे पाय सुजले आहेत हे कोणी तरी बोलावयास पाहिजे!

बोलले नाही म्हणजे काय होते, हे आमच्याच इमारतीत घडले. एक गृहस्थ चर्चगेटकडील एका कचेरीत नोकरीस होते. त्यांस दाबासाठी लघवीची गोळी सकाळी घेण्यास सांगितली होती. आता मिरा रोडास सकाळी जी गाडी येते ती विरार-वसईकडून भरून आलेली असते, तीत तासभर उभ्याने जावयाचे, आणि आमच्या लोकल गाड्यांत शौचकूप नसते, हे मुंबईच्या वाचकांस सांगावयास नको. पहिल्या आठवड्यातच या गृहस्थांस अंधेरीस उतरून धावावे लागले. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी कामाच्या दिवशी गोळी घेणे सोडले. महिन्याभराने रविवारचीही सुटली. हे त्यांनी डॉक्टरांस सांगितले नाही, कारण लाज वाटली. पत्नीस सांगितले नाही, कारण ती रागावेल. दर महिन्यास गोळ्यांच्या पट्ट्या मात्र नियमाने विकत आणल्या. एका पहाटे त्यांची उजवी बाजू लुळी पडली व वाचा गेली. त्यांच्या कपाटाच्या खणात अकरा कोऱ्या पट्ट्या निघाल्या.

“गोळीचे उपद्रव सांगत नाही” असे म्हणणाऱ्यांनी त्या अकरा पट्ट्यांचा हिशोब द्यावा. लघवीची गोळी दुसऱ्या वेळी घेता आली असती, किंवा तिच्या जागी दुसऱ्या वर्गातील औषध देता आले असते. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारावयाचा होता: “तुम्ही कामास कसे जाता?” हा प्रश्न वैद्यकाच्या कोणत्या ग्रंथात असेल तो असो, हाटकेशात दवाखाना थाटणाऱ्यास तो सुचला पाहिजे.

प्रतिपक्षाचे सर्वांत बळकट प्रमाण आम्ही दडवून ठेवू इच्छीत नाही. सन 2003 मध्ये इटलीतील काही हृदयरोगतज्ज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अॅटेनोलॉल हे औषध घेणाऱ्या 96 पुरुषांचे तीन समान गट केले. एका गटास औषधाचे नावही सांगितले नाही. दुसऱ्यास नाव सांगितले. तिसऱ्यास नाव सांगून, याने पुरुषत्वास बाधा येऊ शकते, असेही सांगितले. तक्रार करणारे पहिल्या गटात 32 पैकी 1, दुसऱ्यात 5, आणि तिसऱ्यात 10 निघाले. तेव्हा सांगण्याने तक्रार वाढते, हे खरे. पण यावरून सांगू नये असा निष्कर्ष काढणे म्हणजे पंचांगात अमावास्या छापली म्हणून अंधार पडला असे म्हणण्यासारखे होय. पहिल्या गटातील तो एक मनुष्य कोठे गेला? शिवाय आजचा रोगी औषधाच्या खोक्यातील घडीपत्रक वाचतो, आणि त्याचा नातू हातातल्या यंत्रावर दोन क्षणांत सारी यादी काढून दाखवितो. डॉक्टरांनी मौन धरले तर रोगी अज्ञानात सुखी राहतो, हा भ्रम आता कोणी बाळगू नये. प्रश्न एवढाच की, हे त्याने धीर देणाऱ्याकडून ऐकावे की भिवविणाऱ्याकडून.

आणि भिवविणारे थोडे आहेत काय? आमच्या गल्लीच्या तोंडाशीच एका फलकावर “रक्तदाब मुळासकट, साइड इफेक्ट शून्य” अशी प्रतिज्ञा झळकते आहे. वनस्पती आहे, सबब निरुपद्रवी आहे, हे तर्कशास्त्र सुशिक्षित घरांतूनही प्रमाण मानले जाते याचे आम्हांस वैषम्य वाटते. यांस आम्ही मुंबईचाच इतिहास सांगतो. परळच्या के.ई.एम. रुग्णालयाशी संबंधित असलेल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या देशी वनस्पतीचा रक्तदाबावरील प्रयोग 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यापूर्वी 1931 मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्याविषयी लिहिले होते. परंतु पाश्चात्त्य जगाचे लक्ष वेधले ते वकिलांच्या लेखाने. 1952 साली स्वित्झर्लंडात तिच्या मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले गेले, आणि 1957 मध्ये वकिलांस अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले. ज्या देशी वनस्पतीने सर्व जगास रक्तदाबाचे औषध दिले, ती ही. आणि तिचे उपद्रव? नाक चोंदणे, गुंगी, आणि काही रोग्यांत मनाची खोल खिन्नता. या खिन्नतेचे प्रमाण किती यावर पुढे वाद झाले. पण मुळीतून आलेली वस्तू उपद्रव करीत नाही, असे म्हणण्याची सोय तेव्हापासून उरली नाही. जे अंगावर काही परिणाम करते ते थोडाफार दुसराही परिणाम करावयाचेच. ज्याचा दुसरा परिणाम शून्य, त्याचा पहिलाही बहुधा शून्यच असतो.

किंबहुना रोग्याच्या तक्रारी ऐकल्यामुळेच हे शास्त्र पुढे गेले आहे. ब्राझीलमधील एका विषारी सापाच्या विषाच्या अभ्यासातून निघालेले कॅप्टोप्रिल व त्याचे भाऊबंद घेणाऱ्यांपैकी काहींस रात्रंदिवस कोरडा खोकला येतो. कफ नाही, ताप नाही. घरचे आल्याचा रस देतात, कोणी क्षयाची तपासणी करवितात. हा खोकला गोळीचा आहे हे रोग्यांच्या सांगण्यावरून ध्यानात आले, तेव्हा कोठे टेल्मिसार्टनसारखी, सहसा खोकला न आणणारी औषधे अशा रोग्यांस देण्याचा परिपाठ पडला. मिनॉक्सिडिलची कथा तर मौजेची आहे. हे 1979 साली अमेरिकेत मान्यता पावलेले दाबावरील औषध; घेणाऱ्यांच्या अंगावर नको तेथे केस उगवू लागले. ही तक्रार मात्र कोणी मनाचा खेळ म्हणून उडवून लावली नाही! 1988 साली तेच द्रव्य टकलावर लावण्याचे पाणी म्हणून बाजारात आले. ज्या गाऱ्हाण्यात पैसा आहे ते कारखानदारांस त्वरित ऐकू येते. काकूंच्या सुजलेल्या पायांत पैसा नाही.

वृद्धांची अवस्था याहून बिकट. लघवीच्या काही गोळ्यांनी रक्तातील सोडियम उतरते, आणि मग आजोबा असंबद्ध बोलू लागतात, चालताना तोल जातो. घरची माणसे म्हणतात, म्हातारचळ लागला. एका रक्तपरीक्षेचे काम, पण ती सुचत नाही, कारण औषधाकडे बोट दाखविणे हे आपल्याकडे डॉक्टरांवर अविश्वास दाखविण्यासारखे मानले जाते. दुसऱ्या टोकास, संशय येताच आपणच गोळी बंद करणारे वीरही आहेत. अॅटेनोलॉल किंवा क्लोनिडीन यांसारखे औषध एकाएकी सोडले तर दाब वा हृदयाची गती उसळून प्राणावर बेतू शकते, हे त्यांस कोणी सांगितलेले नसते. सांगणार कोण? सांगावयाचे नाही, असे ठरलेले ना!

भारत सरकारने 2010 पासून औषधांच्या उपद्रवांची नोंद घेण्याची योजना चालविली आहे. तिचे मध्यवर्ती कार्यालय गाझियाबादेस आहे. 1800-180-3024 या क्रमांकावर विनामूल्य दूरध्वनी करून प्रत्यक्ष रोग्यासही आपली तक्रार नोंदविता येते. म्हणजे रोग्याचे गाऱ्हाणे ही नोंदण्यायोग्य वस्तू आहे असे सरकार मानते. आमच्या सभागृहातील वक्त्यांनी या योजनेचा एका शब्दानेही उल्लेख केला नाही.

व्याख्यानानंतरच्या आठवड्यात आम्ही आमच्या डॉक्टरांपुढे मोजे काढले. त्यांनी अंगठ्याने घोटा दाबून पाहिला, खळगा पडला तो पाहिला, आणि “आधी का नाही सांगितलेत, सर?” असे विचारले. आम्ही म्हणालो, “आपण आधी का नाही विचारलेत?” ते सज्जन आहेत, हसले, आणि त्यांनी मात्रा निम्मी करून दुसरे औषध जोडीस दिले. महिन्याने बूट पुन्हा सैल झाले. परवा त्या लुळ्या पडलेल्या गृहस्थांच्या पत्नी जिन्यात भेटल्या. यजमानांस आता तीन गोळ्या आहेत, आणि अंथरुणातून उठवून बसविले की त्यांस घेरी येते. हे डॉक्टरांस सांगावे की नाही, त्यांस राग तर येणार नाही ना, असे त्या आम्हांस विचारीत होत्या. निजलेले असताना आणि बसविल्यावर, असा दोन्ही वेळचा दाब मोजून कागदावर लिहून ठेवा आणि तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या, असे आम्ही त्यांस सांगितले. आणि घरातील दाब मोजण्याचे यंत्र खाली नेऊन दिले.