'रन'चे ६४५ अर्थ आणि आपले 'लागणे'

क्रिकेटमुळे 'रन' हा शब्द आपल्याकडे गल्लीतल्या पोरालाही ठाऊक आहे. शाळेत त्याचा 'धावणे' हा अर्थ घोकला की आपले काम झाले. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या संपादकांचे मात्र एवढ्याने भागले नाही. २०११च्या सुमारास या क्रियापदाची नोंद त्यांनी नव्याने लिहून काढली, तेव्हा तिच्यात ६४५ अर्थ भरले. पीटर गिलिव्हर या कोशकाराने त्या एका क्रियापदापायी नऊ महिने घातले. याच कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद 'सेट'ची होती. पुढे 'मेक' आणि 'पुट' यांनी तिला मागे टाकले आणि त्यांना 'रन'ने.

घोडा धावतो, नदी वाहते, सर्दीने नाक गळते, धुण्यात साडीचा रंग जातो, कारखाना चालतो. इंग्रजीत या साऱ्याला 'रन' चालते. बँक बुडणार अशी आवई उठून ठेवीदारांची झुंबड उडते, तीही 'रन'च. अमेरिकेत निवडणूक लढवणारा 'रन' करतो, तर ब्रिटनमधला उमेदवार आपल्यासारखाच 'उभा' राहतो. यंत्रयुग आले आणि इंजिने, आगगाड्या या शब्दावर चालू लागल्या; आता संगणकाचे प्रोग्रॅमही चालतात. जग बदलले तसा शब्द पसरला आणि तो कुठवर पसरला हे कोणीतरी बसून नोंदवले.

अर्थांची ही श्रीमंती काही इंग्रजीची मक्तेदारी नव्हे. आपले 'लागणे' घ्या. भूक लागते, ठेच लागते, डोळा लागतो, नोकरी लागते, निकाल लागतो, झाडाला फळ लागते, दूध भांड्याच्या बुडाला लागते. ती माझी मावशी लागते. पोर रडू लागते आणि आपल्याला उठावे लागते. एस.टी. स्टँडवर तर 'गाडी लागली' म्हणजे गाडी फलाटावर येऊन उभी राहिली. तीच गाडी घाटात कोणाला लागली की खिडकीजवळची जागा द्यावी लागते. शब्द तेच, अर्थ अगदी वेगळे, आणि मराठी माणूस क्षणभरही अडखळत नाही. शिकणारा परका मात्र अडखळतो. त्याने कोश उघडावा, तर कोणता?

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ची, दुसरी १८५७ची. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात भाग १९३२ ते १९३८ या काळात निघाले, पुरवणी १९५० साली. हे दोन्ही कोश आज इंटरनेटवर शोधता येतात, ही मोठीच सोय झाली. पण 'टीव्हीवर मॅच लागलीय' हा रोजचा प्रयोग त्यांत असणार कसा? दूरदर्शन यायच्या आधीच ते छापून झाले होते. त्यानंतर मराठीत कोश पुष्कळ निघाले, पण दाते-कर्वे यांच्या तोडीचे काम झाले नाही, हे कबूल केले पाहिजे. एकेका शब्दाचा पहिला वापर कुठे सापडतो, अर्थ कधी वळला, कोणता कधी मावळला, हे सालवार अवतरणांनिशी सांगणारा कोश मराठीला हवाच आहे.

असे काम आपल्याला अपरिचित नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचा ऐतिहासिक कोश १९४८पासून याच पद्धतीने, शब्दचिठ्ठ्या जमवून, सिद्ध होत आहे. ती विद्या पुण्यात आहे, ती जाणणारी माणसे आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आपण पेढे वाटले. त्या दर्जापोटी मिळणाऱ्या पैशातला पहिला वाटा सोहळ्यांना आणि स्मरणिकांना न देता कोशाच्या कायमच्या कचेरीला द्यावा. तिथे पगारी कोशकार असावेत आणि एका 'लागणे'वर नऊ महिने घालवायची त्यांना मुभा असावी. शासनाने एवढे करावेच.