सरासरीआडचे वार्धक्य

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशातील ४५ वर्षांवरील सुमारे ७२ हजार व्यक्तींची पाहणी केली. रक्तदाब, दृष्टी, हाताच्या पकडीची ताकद यांबरोबरच उत्पन्न व कौटुंबिक आधारही तीत तपासला गेला. पाहणी मोलाची खरी. परंतु तिचे निष्कर्ष राज्याच्या सरासरीपाशी थांबतात. शेतकरी पुत्राच्या आत्महत्येनंतर संसाराचे जू पुन्हा मानेवर घेणारे यवतमाळ जिल्ह्यातील मातापिता त्या सरासरीत दिसणार कसे? दारिद्र्यरेषेखालील साठ ते एकोणऐंशी वर्षांच्या वृद्धांच्या निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा वर्षानुवर्षे दरमहा २०० रुपयांवरच आहे. तो वाढवून घ्यावयाचा, तर पुरावा हवा. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने गावोगावच्या वृद्धांची पाहणी हाती घेऊन तो पुरवावा. ज्यांची मोजदादच नाही, त्यांच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होत नसते.